फजलुर रहमान खान : ढाक्याहून शिकागोला गेलेला एक विद्यार्थी

वाचकहो, उंच इमारतींविषयी आपल्या मनात एक अढी असते आणि ती निराधार नाही. हजरत जिब्रील (अ.) यांनी मानवी रूपात येऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रश्न विचारले, त्या सुप्रसिद्ध हदीसमध्ये कयामतच्या चिन्हांचा उल्लेख आहे. अनवाणी मेंढपाळांनी उंच इमारती बांधण्यात एकमेकांशी चढाओढ करणे हे त्यांपैकी एक चिन्ह होय. असे असता, ज्या गृहस्थांनी विसाव्या शतकात जगाला सर्वांत उंच इमारत बांधण्याची रीत शिकविली, त्यांचे चरित्र या मासिकात कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडला तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर त्यांच्या आयुष्यक्रमातूनच शोधू या.

हे चरित्र निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. कोकणात, मुंबईत, पुण्यात, मराठवाड्यात आज अशी घरे थोडी नाहीत, ज्यांतील मुलगा वा मुलगी अमेरिकेच्या एखाद्या विद्यापीठात शिकत आहे. आईवडिलांच्या ओठांवर अभिमान असतो आणि पोटात भीती. मूल परत येईल काय, आणि न आले तर ते आपले राहील काय, ही ती भीती. फजलुर रहमान खान यांच्या वडिलांच्या मनातही १९५२ साली ती नसेल असे मानण्याचे कारण नाही.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे झाला. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे शिक्षक व शिक्षणक्षेत्रातील अधिकारी. गणिताची पाठ्यपुस्तके त्यांच्या नावावर आहेत. घरात संपत्तीपेक्षा पुस्तकांचा वावर अधिक. मुलाचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. वडिलांनी मात्र त्याला अभियांत्रिकीकडे वळविले. केवळ बुद्धीच्या बळावर निभावून न्यावे अशी ती विद्या नव्हे. तिला शिस्त लागते, आणि आपल्या हुशार मुलाला शिस्तीचीच गरज आहे, हे त्या शिक्षकाने ओळखले असावे. आपल्याकडे मुलाने काय शिकावे याचा निर्णय बहुधा नोकरीच्या भावावर होतो. येथे तो मुलाचा स्वभाव पाहून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शिक्षणासाठी ते कलकत्त्याजवळील शिवपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. ते दिवस कसे होते हे सांगावयास नको. १९४६ चा रक्तपात, १९४७ ची फाळणी आणि पुन्हा १९५० च्या दंगली. अखेरची परीक्षा तोंडावर आली असतानाच या दंगलींमुळे त्यांना कलकत्ता सोडून ढाक्याला परतावे लागले. तेथील अहसानुल्लाह इंजिनिअरिंग कॉलेजातून त्यांनी पदवी पूर्ण केली, ती पहिल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवून. लगेच त्याच कॉलेजात ते अध्यापक झाले. म्हणजे अमेरिकेचे नावही निघण्यापूर्वी या तरुणाला एकदा आपले शहर सोडून निघावे लागले होते, हे विसरता कामा नये.

१९५२ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती आणि पाकिस्तान सरकारची शिष्यवृत्ती यांच्या आधारे ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेन येथे दाखल झाले. त्या काळची अमेरिका आजच्यासारखी नव्हती. हिंदी माणसाला १९४६ पर्यंत त्या देशाचे नागरिक होण्याचा हक्कच नव्हता. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तसा स्पष्ट निकाल दिला होता. १९४६ च्या कायद्याने दार किलकिले झाले खरे, पण साऱ्या हिंदुस्थानसाठी वर्षाला अवघ्या शंभर माणसांची मर्यादा ठेवून. हे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. त्यापूर्वी तेथे पोहोचलेले बंगाली मुसलमान बव्हंशी जहाजांवरचे खलाशी आणि फिरते विक्रेते होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांतील काहींनी संसार थाटले. आमच्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील घरांना खलाशाचे जिणे ठाऊक आहे; त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फजलुर रहमान यांची वाट निराळी होती. त्यांच्या हाती शिष्यवृत्तीचा कागद होता, आणि त्या कागदाबरोबर शिक्षण संपताच परतण्याची अटही होती.

तीन वर्षांत त्यांनी तीन पदव्या मिळविल्या. संरचना अभियांत्रिकी आणि उपयोजित यंत्रशास्त्र या विषयांत दोन मास्टर पदव्या, आणि १९५५ साली डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तुळया. इतकी घाई कशासाठी, असे वाटेल. पण दुसऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्यास वेळ ही आपली मालमत्ता वाटत नाही, ती अमानत वाटते. परदेशी शिकणाऱ्या आमच्या मुलांनी या तीन वर्षांकडे जरूर पाहावे.

त्याच वर्षी शिकागोतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या विख्यात वास्तुरचना संस्थेत ते रुजू झाले. आरंभीची कामे पुलांची होती; कोलोरॅडो राज्यातील हवाई दलाच्या अकादमीसाठी त्यांनी पूल आखले. काम मनाजोगते होते, पगार चांगला होता. पण १९५७ साली ते मायदेशी परतले, कारण शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारला तसा शब्द दिलेला होता. शब्द पाळणे हा मोमिनाचा स्वभाव आणि शब्द मोडणे हे मुनाफिकाचे लक्षण, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चांगली नोकरी हातात असताना ते आचरणात आणणे किती कठीण, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळते.

कराचीत विकास प्राधिकरणात त्यांना मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली. येथे या चरित्रातील एक कडू सत्य येते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ज्या देशाने त्यांना खर्च करून शिकविले, त्या देशाला त्यांच्या विद्येचे काय करावे हे उमगले नाही. आराखडे आखू शकणारा हात फायलींवर सह्या करण्यात गुंतला. तीन वर्षे त्यांनी ते केले, आणि १९६० साली ते पुन्हा शिकागोला आपल्या जुन्या संस्थेत परतले. मुले परदेशी राहतात म्हणून त्यांना दोष देताना आपण आपल्या कार्यालयांकडेही पाहावे. विद्वानास बोलावून त्याला रिकामे बसविणारा समाज, तो निघून गेला तर कोणत्या तोंडाने तक्रार करणार? अर्थात अट पुरी करून गेलेला आणि अट मोडून गेलेला यांत फरक आहेच, आणि खान पहिल्या प्रकारातले होते.

यानंतरची वीस-बावीस वर्षे म्हणजे त्यांच्या कर्तृत्वाचा काळ. ते कर्तृत्व नेमके काय, हे समजून घेतल्यावाचून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

इमारतीचे वजन ही उंच इमारतीची खरी अडचण नव्हे. ती अडचण वाऱ्याची आहे. इमारत जसजशी उंच होते, तसतसा वारा तिला आडवा रेटा देतो आणि तो रेटा सोसण्यासाठी खांब, तुळया अधिकाधिक जाड कराव्या लागतात. जुन्या पद्धतीत आतबाहेर सर्वत्र खांबांचा सांगाडा उभारीत. न्यूयॉर्कची १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली अशीच बांधली गेली. परिणामी उंचीच्या मानाने पोलादाचा खर्च कितीतरी अधिक पटीने वाढे. खान यांनी विचार उलट बाजूने केला. पोकळ बांबू आठवा. त्याचे सारे बळ कडेच्या सालीत असते, आत काहीच नसते, तरी तो वादळात झुकतो आणि पुन्हा सरळ होतो. इमारतीचे खांब बाहेरच्या कडेला जवळजवळ रोवून त्यांना तुळयांनी घट्ट जखडले, तर सारी इमारत एका पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देईल, हा त्यांचा विचार. शिकागोतील डेविट-चेस्टनट ही ४३ मजल्यांची निवासी इमारत साठीच्या दशकाच्या मध्यावर या रीतीने उभी राहिली.

पुढची पायरी जॉन हॅनकॉक सेंटर, शंभर मजली, १९६९ साली पुरे झालेले. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर फुलीच्या आकाराचे प्रचंड तिरपे पोलादी पट्टे दिसतात. ते शोभेसाठी नाहीत. वाऱ्याचा रेटा तेच पायापर्यंत पोहोचवितात. आता आकडा पाहा. एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटर क्षेत्रामागे सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. जवळपास तितक्याच मजल्यांच्या हॅनकॉकमध्ये ते सुमारे १४५ किलोंवर आले. जवळजवळ तिसरा हिस्सा पोलाद वाचले. कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांची जी निर्भर्त्सना केली आहे ती आपण लग्नाच्या जेवणावळीपुरती मर्यादित ठेवली आहे. पोलादाला, सिमेंटला, पाण्याला ती लागू नाही असे कोणी सांगितले? या अभियंत्याने आयुष्यभर ज्या एका शत्रूशी झुंज घेतली, त्याला आपल्या भाषेत इसराफ म्हणतात.

हॅनकॉकच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इतक्या उंचीवर इमारत वाऱ्याने किंचित डोलणारच. पण तेथे माणसे राहणार होती, निजणार होती. किती डोलणे माणसाला जाणवते, किती सोसवते, हे गणितात नव्हते. शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात धुलाई यंत्राच्या एका प्रदर्शनासाठी केलेले फिरते व्यासपीठ होते. खान यांनी त्यावर माणसांना उभे करून, बसवून, आडवे करून हालचालीचा अनुभव तपासला. समीकरण सुटले म्हणून ते थांबले नाहीत. त्या घरात निजणाऱ्या अनोळखी माणसाची झोप हीदेखील त्यांनी आपली जबाबदारी मानली. बांधकाम चालू असताना पायाच्या एका खांबात दोष निघाला आणि काम काही महिने थांबले. दोष आराखड्याचा नव्हता, काँक्रीट ओतण्याच्या कामातला होता. तरी सारे पाये पुन्हा तपासले गेले. बांधकाम व्यवसायात असलेल्या आपल्या बांधवांनी, आणि त्यांची संख्या लहान नाही, हे प्रकरण मनन करावे.

यानंतर १९७३-७४ साली सिअर्स टॉवर उभा राहिला. उंची ४४२ मीटर. प्रत्येकी सुमारे २३ मीटर रुंदीच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधून त्याची जुडी केलेली आहे. काही नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, काही सहासष्टाव्या, काही नव्वदाव्या, आणि दोनच अगदी माथ्यापर्यंत जातात. जवळपास पंचवीस वर्षे ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम हे त्यांचे या कामातील जोडीदार, आणि तेही अमेरिकेबाहेर, कोलंबियात जन्मलेले. हॅनकॉकच्या कामातही हीच जोडी होती. उंचीचा हा मान सिअर्स टॉवरकडून १९९८ साली गेला तो मलेशियाच्या क्वालालंपूर शहराकडे.

तर मग त्या हदीसचे काय? माझे मत असे. तेथे निषेध आहे तो बढाईचा, माणसाचे मोल मजल्यांवर मोजण्याचा. उंची आणि गर्व नेहमी एकत्र राहतात हे खरे, आणि ज्या कंपन्यांनी या इमारती बांधविल्या त्यांचे हेतू निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. परंतु दाट वस्तीच्या शहरात थोड्या जागेत, थोड्या सामानात अधिक माणसांना सुरक्षित निवारा कसा द्यावा, हा प्रश्न सोडविणाऱ्याच्या विद्येला त्या गर्वाच्या खात्यात टाकणे न्याय्य नव्हे. कोणाच्या अंतःकरणाचा हिशेब आपल्या हाती दिलेला नाही. आपल्यासमोर आहे ते काम.

१९६६ पासून संस्थेत त्यांची बढती होत गेली आणि १९७० साली ते पूर्ण भागीदार झाले. १९६७ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. पत्नी लिसेलोट्टे या मूळच्या ऑस्ट्रियाच्या. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि त्यांच्या काही कल्पना विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतूनच प्रथम तावून सुलाखून निघाल्या. बंगाली भाषा सुटली नाही. रवींद्रसंगीत ते आवडीने गात. संसार शिकागोत होता आणि गाणे ढाक्याचे होते.

मग १९७१ साल उजाडले. पूर्व पाकिस्तानात लष्कराने जे आरंभिले ते सर्वश्रुत आहे. मारणारे मुसलमान होते आणि मरणाऱ्यांतही बहुसंख्य मुसलमान होते. वाचकहो, हा विषय आजही नाजूक आहे आणि उम्मतच्या ऐक्याच्या नावाखाली त्यावर मौन पाळण्याची आपल्याकडे रीत आहे. खान यांच्यापुढे पेच आणखी बिकट होता. ज्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले, ज्याच्या सेवेत त्यांनी तीन वर्षे काढली, तेच सरकार हे करीत होते. शिवाय ते आता अमेरिकेचे नागरिक, यशाच्या शिखरावर. गप्प बसले असते तर कोणी जाब विचारला नसता. त्यांनी शिकागोत बांगलादेशातील पीडितांसाठी मदतनिधी उभारणारी संघटना स्थापन केली, आणि दुसऱ्या एका संघटनेमार्फत अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींपुढे ढाक्याचे गाऱ्हाणे मांडले. अत्याचारी भावालाही मदत करावी आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरणे होय, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण व्यासपीठांवरून सांगतो. हात धरण्याची वेळ आली की भाऊ कोणाचा हे आधी विचारले जाते. खान यांनी ते विचारले नाही. शिष्यवृत्तीचे ऋण त्यांनी कराचीत फेडले होते. अन्यायाला साथ देणे हा त्या ऋणाचा भाग नव्हता.

पुढील वर्षी, १९७२ साली, अमेरिकेतील बांधकाम क्षेत्राच्या प्रमुख साप्ताहिकाने त्यांना वर्षाचा मानकरी म्हणून गौरविले, आणि त्यापाठोपाठ तेथील राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली. सन्मान पुष्कळ मिळाले. त्यांची यादी देत बसत नाही.

आता ज्या कामामुळे त्यांचे नाव प्रत्येक हाजीला ठाऊक असावयास हवे त्याकडे वळू. आपल्या वाडवडिलांच्या काळी हज यात्रेकरू मुंबई बंदरातून जहाजाने जिद्द्याला जात. तो जहाजप्रवास १९९५ पर्यंत चालू होता. पण सत्तरीच्या दशकात विमानाने येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली. वर्षातील थोडे दिवस लाखो माणसे, आणि उरलेले महिने जवळजवळ कोणी नाही. वृद्ध, प्रथमच घराबाहेर पडलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक, ज्यांना पुढील वाहन मिळेपर्यंत वाळवंटाच्या उन्हात तासन्‌तास थांबावे लागणार. त्यांच्यासाठी जिद्द्याच्या नव्या विमानतळावर काय बांधावे? काचेची वातानुकूलित प्रचंड इमारत बांधता आली असती. पैशाची वाण नव्हती.

जगातील सर्वांत उंच इमारतीची संरचना आखणाऱ्या माणसाने येथे तंबू उभारले. वास्तुरचनाकार गॉर्डन बनशाफ्ट यांच्यासह त्यांनी जो हज टर्मिनल आखला त्यात पोलादी खांबांवरून तारांनी ताणलेले २१० पांढरे तंबू आहेत, प्रत्येक ४५ मीटर लांबरुंद. टेफ्लॉनचा थर दिलेले काचतंतूंचे हे कापड उन्हाचा बहुतांश ताप परतवून लावते आणि मंद उजेड आत येऊ देते. बाजू मोकळ्या आहेत. तापलेली हवा वर चढून तंबूच्या शेंड्यावरील छिद्रातून निघून जाते आणि खालून वारा वाहत राहतो. खाली यात्रेकरू बसतो, निजतो, वुजू करून नमाज अदा करतो, आपल्या कबिल्याची माणसे शोधतो. यंत्राने गारवा निर्माण करण्याऐवजी सावली आणि वारा यांवर भरवसा ठेवणारी ही रचना अरबी वाळवंटातील माणसाने शतकानुशतके वापरलेली आहे. खान यांनी तिला गणिताची जोड दिली. आपल्यापैकी जे मुंबईहून निघून तेथे उतरले असतील, त्यांनी इहरामच्या गडबडीत वर मान करून पाहिले असेल की नाही कोण जाणे. इलिनॉयमध्ये कमावलेला इल्म तेथे, अल्लाहच्या पाहुण्यांच्या डोक्यावर, सावली धरून उभा आहे. १९८१ साली तो पुरा झाला, आणि १९८३ साली त्याला वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

तो स्वीकारला गेला तेव्हा खान हयात नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी, कामानिमित्त प्रवासात असताना, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. शहर जिद्दा. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांचा देह शिकागोला आणण्यात आला आणि तेथील ग्रेसलँड दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्याच दफनभूमीत शिकागो घडविणारे कित्येक वास्तुरचनाकार विसावले आहेत, आणि २०१० साली ब्रूस ग्रॅहमही तेथेच गेले. बांगलादेश सरकारने १९९९ साली खान यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. त्याच्या आदल्या वर्षी शिकागो शहराने सिअर्स टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या चौकाला त्यांचे नाव दिले. त्यांची कन्या यास्मिन सबिना खान याही वडिलांप्रमाणे संरचना अभियंता झाल्या, आणि वडिलांच्या कामाचा सविस्तर ग्रंथ त्यांनी २००४ साली लिहून प्रसिद्ध केला.